अर्धी जोडी

माहं गाव दर्यापुराच्या अंगाचं, पूर्णेपासून पायी गेलं तं अर्ध्या दिवसाचं. तिथंच जन्मलो, तिथंच बाप गेला, अन त्यानं ठेवलेली काळी जमीन कसून मी घर उभं केलं. काय सांगू तुमाले, मी हिशोबाचा माणूस. घरात मीठ किती हाय अन ते कधी सरल, हे मले काशीच्या आधी ठाऊक राहे. काशी म्हणजे माही घरवाली. पण एक हिशोब मले आजवर जमला नाही, तो हौशाचा. हौशा माहा बैल.

हौशा जन्मला अन त्याची माय गेली. मी फडक्याची वात दुधात बुडवून त्याच्या तोंडात देत गेलो, थंडीत माही अर्धी घोंगडी त्याच्यावर. काशी तवा नवी नवी नांदाले आली होती. ती म्हणे, अवो, मले तुमच्याशी लावून देलं का या वासराशी? मोठा झाला तरी तो दुसऱ्याच्या हातचं खात नसे. मी गावाले गेलो तं गव्हाणीतलं कुटार तसंच पडून राहे. लोकं म्हणत, बैलाले वाईट खोड लावली तुमी. मी वरून म्हणे, हो बावा, वाईट खोड हाय. आतून मले लय गोड वाटे.

मग ते कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापल्याड गोऱ्या लोकायची आपसात लढाई लागली म्हणत, त्यायचा कापूस बंद झाला, म्हणून आमच्या कापसाले भाव आला. आमी ना ते लोकं पाहिले, ना ती लढाई. पण ज्यानं जन्मभर वांगे-मिरच्या लावल्या तोही कापूस पेरून राहिला, अन ज्याच्यापाशी दोन बैल तो गाडीवान झाला. अकोल्याच्या रस्त्याले गाडीमागं गाडी, पुढच्याचा धुरळा मागच्याच्या भाकरीत. अन सगळे असे घाईत का रस्त्यात कोणी अडला तं वळसा घालून जात, थांबत नसत.

तसाच एकदा मी अकोल्यात कापूस उतरवून रिकामी गाडी घराकडं आणून राहिलो होतो. होळीच्या आधीची गोष्ट. पूर्णा उतरून चढाव चढलो तं रस्त्याच्या कडेले कापसानं शिगोशीग भरलेली गाडी, अन बाजूले एक बैल पोट फुगून मेलेला. दुसरा, तांबडा, त्याच्यापाशी उभा, मेलेल्याले हुंगून राहिला. गाडीवाला चाकाले टेकून आभाळाकडं पाहे. आभाळ काळं झालं होतं, अन भिजलेला कापूस बाजारात कोण घेते?

मी विचारलं, कुठचे? तो म्हणे, अंजनगाव सुर्जीचा, गणपत माळी. भाजीचा मळा हाय, कापूस यंदा पहिल्यांदाच पेरला भाऊ, तं हे असं झालं. सकाळपासून बसलो, इतक्या गाड्या गेल्या, कोणी पाणी पेतं का म्हणूनही नाही विचारलं.

मले राहवलं नाही. म्हटलं, माही गाडी रिकामी हाय, एक बैल घेऊन जा, वापस येतानी गावात सोडजा. म्हणताना माह्या मनात मोत्या होता, माहा दुसरा बैल. पण गणपत म्हणे, भाऊ, हा लाल्या उजव्या अंगाले चालते, मले डाव्या अंगाचा पाहिजे. मोत्याही उजव्याच अंगाचा. डाव्या अंगाचा हौशा. बैलाची बाजू जन्माची असते, ती रस्त्यात बदलत नाही. आता बोललेलं मागं कसं घ्याव? मी हौशाले सोडला, अन मनात म्हटलं, जाईल चार पावलं अन बसल, माह्याबिगर हा चालते थोडाच.

तो बसला नाही. लाल्यानं त्याची मान हुंगली, त्यानं मान वाकवून जू घेतलं, अन गाडी निघाली. उतार उतरला, नदीत गेला, मागं वळून नाही पाहिलं. मी मोत्याचा कासरा धरून उभा. गाडी मी जवळच्या वाडीत ठेवली अन मोत्याले घेऊन पायी घरी गेलो. पुण्याचं काम केलं होतं ना? पण छातीत कोणी मूठभर तिखट टाकल्यावाणी झालं.

गणपत बोलल्यापरमाणं आला. कापूस कोरडा पोचला, चांगला विकला, अकोल्यात त्यानं नवा बैल घेतला, तो गाडीच्या मागं बांधलेला. जुवाले लाल्या अन हौशाच. हौशाच्या शिंगाले तेल, गळ्यात नवे घुंगरू. मी पहिली गोष्ट विचारली, यानं खाल्लं का काही? गणपत हसून म्हणे, खाल्लं नं! लाल्यासंग एकाच टोपल्यातली सरकी खाल्ली. काशीनं त्याले भाकर-पिठलं वाढलं, तो तिले सांगे, बाई, तुमच्या मालकासारखा दाता मी पाहिला नाही. माह्या कानात काही शिरत नव्हतं. त्यानं नवा बैल जुंपला, गाडी हाकली, अन हौशा त्या गाडीमागं हंबरत राहिला. ती दिसेनाशी झाली तरी हंबरत राहिला.

मी हातात सरकीची ढेप घेऊन गेलो, त्यानं तोंड फिरवलं. काय सांगू तुमाले, माह्या हातातून तोंड फिरवलं! तेव्हापासून गोठ्यात उभा राहे तो अंजनगावच्या वाटेकडं तोंड करून. खाये, पण पोटाले पाहिजे म्हणून खाये. काशी म्हणे, आजवर मले सवतीची भीती होती, आता तुमालेच सवत आली. तिनं गावभर हे सांगितलं, अन बाया पाणी भरताना हसत.

मी इचार करून थकलो, त्या माळ्यानं केलं काय? मंतर घातला? पानातून काही चारलं? तो तं दर खेपेले माह्या दारी थांबे. केळी आणे, विड्याची पानं आणे, भाऊ भाऊ करे. त्याची गाडी वेशीत आली का हौशा कान टवकारून दावं ताणे. मी गोठ्यात जाऊन बसो अन काशीले म्हणो, घरी नाही म्हणून सांग. ती दारातून मोठ्यानं म्हणे, ते घरी नाहीत, त्यायनंच सांगितलं! अन तो गोठ्याकडं तोंड करून म्हणे, बरं बाई, आले तं राम राम सांगजा. मी आत दात खाऊन राहिलो.

मग एका वर्सी ऐन पेरणीत मोत्याले पान लागलं, सकाळी गोठ्यात साप डसून मेलेला सापडला. जमिनीत वाफसा आलेला. आमच्या काळ्या जमिनीचा वाफसा पाहुण्यावाणी, आज हाय, उद्या नाही. एका बैलानं तिफन ओढल्या जात नाही. शेजारीपाजारी आपापल्या पेरणीत, अन बाजारात बैल कुठून मिळाव, सगळे कापसाच्या गाड्यायले गेलेले. काशी म्हणे, अंजनगावले निरोप धाडा. मी म्हटलं, जमीन पडीत राहू दे, त्याच्यापुढं हात पसरणार नाही. म्हणे, तुमी नका पसरू, माहे हात हायेत. अन मले न विचारता तिनं बाजाराले जाणाऱ्याजवळ निरोप देला.

दुसऱ्या दिवशी गणपत पायी आला, लाल्याचा कासरा धरून. हौशानं गोठ्यातून पाहिलं, अन दावं तोडलं. मी दारात उभा. म्हटलं, पाहू दे आता डोळ्यानं, कसा या माळ्याच्या अंगाले अंग घासते ते. हौशा धावत गेला, गणपतच्या बाजूनं गेला, त्याले हुंगलंही नाही, अन लाल्याच्या मानेवर हनुवटी टेकून उभा राहिला. लाल्या त्याचा कान चाटाले लागला.

मी गणपतकडं पाहो, गणपत माह्याकडं पाहे. मग त्यानं कपाळावर हात मारला. हात्तीच्या मायले, अन मी तुमच्यावर जळून राहिलो होतो भाऊ! हा लाल्या त्या दिवसापासून नव्या बैलाले अंगापाशी येऊ देत नव्हता. दर्यापुराच्या वाटेकडं तोंड करून उभा राहे. मले वाटे, जुंपताना तुमीच याच्या कानात काही सांगितलं. म्हणून तं खेपेखेपेले थांबत होतो, पाहाव म्हटलं या माणसापाशी हाय तरी काय.

मी जन्माचा बैलातला माणूस. पण इतके दिवस मी गाडीवर कोण बसलं तेच पाहिलं, गाडीले कोण जुंपलं ते नाही पाहिलं.

त्या जोडीनं पेरणी केली. तिफन गणपतनं धरली, काशीनं सरकी सोडली, वाफसा जायच्या आत वावर झालं. संध्याकाळी गणपत धोतर झटकून एकटाच निघाला. म्हटलं, अन हा? तो म्हणे, राहू द्या. तुमी अर्धी जोडी देली होती, मीही अर्धीच देऊन राहिलो. मोटेले माह्यापाशी दुसरे हायेत. यायले आता तोडाचं पाप मले नको. फक्त पोळ्याले बोलवत जा, लाल्याच्या माहेरचा म्हणून.

मी हात जोडले. खरं सांगतो, मनापासून जोडले. अन दुसऱ्या दिवसापासून लाल्यावर जळाले लागलो. कावून नाही जळणार? मी ढेप घेऊन जाव, तं दोघं एकमेकाच्या माना चाटून राहिलेले, मी उभा पाहुण्यावाणी.

ती लढाई सरली, भाव उतरला, गाड्यायचं काम आगगाडीनं नेलं. आमी आपले वावरातच राहिलो, ते बरंच झालं. हौशा म्हातारा होऊन गेल्या हिवाळ्यात गेला. लाल्यानं चारा सोडला. मी रोज त्याच्यापाशी बसलो, फडक्याची वात करून गुळाचं पाणी पाजलं, जसं हौशाले दूध पाजलं होतं. हळूहळू खाऊ लागला. माह्याच हातचं खाये, दुसऱ्याचं नाही. लोकं म्हणत, पुन्हा वाईट खोड लावली. मी म्हणे, हो बावा.

या पोळ्याच्या आदल्या दिवशी लाल्याचे खांदे तूप-हळदीनं शेकले, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या, म्हटलं. तो बसूनच होता, उठाची ताकद नव्हती. तेवढ्यात वेशीतून गणपतचा आवाज आला, राम राम भाऊ. अन काय सांगू तुमाले, तो म्हातारा बैल चारी पायावर उभा राहिला, त्याच्याकडं तोंड करून.

छातीत तेच तिखट. मी म्हटलं, या गणपतभाऊ, पाणी घ्या, देव तुमचं भलं करो. लाल्याचा कासरा त्याच्या हातात देला. त्यानं चाऱ्याची पेंडी उचलाले हात घातला, तं म्हटलं, राहू द्या, तुमी तं पाहुणे. चारा मीच टाकला.