भोंगा वाजूनही खाली न उतरल्याबाबत

दि. १९ जुलै १९८३, सकाळी ११.२० वा.

जाईबाई कुशाबा घाडी, वय ४९ वर्षे, धंदा: मिलमध्ये वाइंडिंग खात्यात, सध्या संपावर (हवालदारांनी आधी 'बेकार' लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले), राहणार: मिलसमोरची चाळ, दुसरा मजला, खोली २७, लालबाग.

समक्ष हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी पती कुशाबा यांच्यासह राहते. आम्ही दोघेही दीड वर्ष संपात आहोत. आमच्या चाळीतली अंबिका तावडे, वय १८, हिने शिबिराचा भोंगा मुद्दाम मोडला व लोकांत घबराट केली, अशी फिर्याद माटुंग्याचे रघुवीर टिपणीस यांनी दिल्याचे मला समजले. ऐकून हसू आले.

हे टिपणीस सर जनरक्षक मंडळातर्फे महिनाभर चाळीत शिबिर घेत होते. आग लागली, घर पडले तर काय करायचे हे बारा पोरापोरींना शिकवायला. फळ्यावर भूकंप काढला. स्ट्रेचर आणले, ते आमच्या जिन्यात वळेना. मागच्या गॅलरीचा कुजलेला खांब पोरांनी दाखवला, तर म्हणाले, तो पाठ तिसऱ्या आठवड्यात आहे. तिसऱ्या आठवड्यात सर लग्नाला गेले होते.

सरांचा मुख्य धडा असा की हाताने फिरवायचा भोंगा वाजला की सर्वांनी चार मिनिटांत अंगणात उतरायचे. तालीम तीनदा झाली. कोणी उतरले नाही. कसे उतरतील? समोरची मिल रोज सकाळी सातला भोंगा देते, संपातून कोण फुटतो ते बघायला. दीड वर्षात त्या आवाजावर जो जिना उतरला, त्याच्याशी चाळ बोलत नाही. शिबिरातल्याच अंबिकाने सरांना हात जोडून सांगितले, "सर, इथे भोंगा नको. थाळी वाजवा, नाहीतर नावाने हाका मारा." सर म्हणाले, "हे शास्त्र आहे बाळ, भजन नाही." वहीत लिहिले, 'रहिवासी बेफिकीर.' मी स्वतः वाचले, मला वाचता येते.

आज शिबिराचा समारोप होता. सर फलक लावायला लवकर आले होते. सुमारे ६.३५ वाजता तोच मागचा खांब तडकला, मोठा आवाज झाला, वरून माती पडू लागली. सरांनी फाटकाबाहेर उभे राहून भोंगा फिरवायला घेतला. आवाज ऐकून लोकांनी दारे लावून घेतली. आमच्या घरवाल्यांनी कडी घातली आणि म्हणाले, "भोंग्यावर उतरणारो मी न्हय!"

विचारल्यावरून सांगते की, होय, अंबिकाने भोंगा सरांच्या हातून हिसकला. तो खाली पडला, दांडा वाकला. बरे झाले. मग ती थाळी बडवत तिन्ही मजले फिरली, प्रत्येक दारात नाव घेऊन ओरडली, "कुशाबाकाकांनू, ह्यो मिलचो भोंगो न्हय! गॅलरी पडता, खाली येवा!" तिच्या आवाजावर आम्ही त्रेचाळीस माणसे उतरलो. सर घड्याळ बघून म्हणाले, "अकरा मिनिटे. फार वेळ लागला."

सातला मिलचा खरा भोंगा झाला. आम्ही सगळे अंगणात, रस्त्यावरून दिसू असे उभे. घरवाल्यांना ते सोसले नाही, ते परत जिन्याकडे निघाले. अंबिकाने मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली. त्यांनी तिला कोपर मारले, तिचा ओठ फुटला, तरी तिने सोडले नाही. तेवढ्यात मागची गॅलरी जिन्यासकट खाली आली. माझे कुंकू त्या पोरीने राखले. घरवाले आता शेजारच्या चाळीत चहा पीत तिला शिव्या देत आहेत, त्या मी तिथे गेल्यावर बंद करीन.

तिने नर्सिंगचा फॉर्म भरला आहे. गुन्हा लागला तर तो फॉर्म चुलीत घालायचा. घबराट केली असे लिहायचेच असेल तर लिहा, ती वेळेवर केली.

माझे म्हणणे हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे. सही मात्र अंबिकाला बाहेरच्या बाकावरून घरी सोडल्यावर करीन, तोवर तिच्याशेजारी बसते. आम्हाला बसायची सवय आहे.

सही: जाईबाई कुशाबा घाडी
(सही दुपारी ४.१० वा. केली.)