घासूनपुसून चकचकीत केलेला पाट

— तसं नाही हो काका, गळ गुंडाळा असं कुठे म्हणतेय मी? जरा उजवीकडे टाका, इतकंच. खाली आमचं यंत्र फिरतंय, त्याच्या पंख्यात तुमचा दोरा अडकला की आणखी एक भानगड. असं बघू नका, खेळणं नाहीये ते — चार वर्षं घातलीत मी त्यात. गाजामी म्हणतो आम्ही त्याला, तुमच्या बादलीत पडलाय ना तो चपटा मासा, तसाच दिसतो म्हणून. काम काय? तर कालवांच्या शेतीखाली हिंडायचं, पाहणी करायची, आणि दमला की आपल्या पाटावर येऊन बसायचं. पाटातून थेट पोटात वीज जाते — तार नाही, पिन नाही, काही नाही. तुम्ही मोबाइल ठेवता ना तबकडीवर, तसंच, फक्त खाऱ्या पाण्यात. पण बसायचं नेमकं! दोन बोटं सरकला की वीज पोचत नाही. म्हणून त्याला डोळा दिलाय, कॅमेरा — पाट ओळखायचा आणि अलगद टेकायचं. अख्खा हिवाळा शिकवलंय मी. गढूळ पाण्यात, भरतीत, ओहोटीत. आणि शिकला हो! परवापर्यंत शहाण्यासारखा बसत होता.

आज पाटावरून दोनदा गेला, ढुंकून पाहिलं नाही. का? सांगते ना का. आज राजधानीतून, सोलहून, मंत्रालयातले पाहुणे आलेत — ते समोर निळ्या पाटीच्या हॉटेलात बसलेत बघा, आमच्या मेंग साहेबांबरोबर. आणि आमच्याकडे पाहुणे यायचे म्हणजे विज्ञान नंतर, आधी झाडू. काल साहेबांनी पाट वर काढायला लावला. बघितला, नाक मुरडलं — ‘हे असलं शेवाळलेलं सोंग दाखवणार आपण सोलच्या माणसांना?’ झालं! ब्रश आले, खरवडण्या आल्या, पिवळाधमक रंग आला, वर संस्थेचं बोधचिन्ह. नव्या नवरीसारखा सजवून परत पाण्यात सोडला. अहो, पण गाजामीनं जन्मात पाहिलेला पाट म्हणजे कालवं चिकटलेला, शेवाळ लोंबणारा! तीच त्याची खूण. हे पिवळं काय आहे, त्याला काय ठाऊक? स्वतःचं घर शोधत स्वतःच्याच घरावरून चकरा मारतोय बिचारा. मी म्हटलं का साहेबांना? म्हटलं ना. म्हणजे — म्हणणार होते. सगळे घासायला बसले, मग मीही ब्रश घेतला.

दोरी? हां, बरोबर ओळखलंत, दोरी हवी. होतीच की! सुरक्षेची दोरी बांधूनच सोडतो आम्ही, काही झालं तर ओढून घ्यायला. तीही काल काढली. ‘बिनतारी वीज म्हणायचं आणि फोटोत दोरी दिसणार? लोक हसतील.’ बरं, वीज संपत आली की आपोआप वर यायची सोय होती. तीसुद्धा बंद! मागच्या खेपेला भर भाषणात भसकन वर आला होता ना, साहेबांना फार लागलं ते. आता उरलंय हे एवढं बटण. दाबलं की पाण्यात आवाज जातो, तो ऐकतो, उलट आवाज देतो, पोटाखालचं शिसं टाकून वर येतो. पण चार टक्क्यांच्या खाली गेला की वीज वाचवायला कान बंद करतो, मग कितीही बोंबला. आणि इथला प्रवाह तुम्हाला मी काय सांगायचा.

आत्ता? पडद्यावर नऊ टक्के. — नाही, आठ.

मग दाबत का नाही, असंच ना? कसं दाबू? पाहुणे जेवून येतील तेव्हा तो पाटावर बसलेला हवा, पडद्यावर वीज चढताना दिसायला हवी. त्याऐवजी हा उताणा तरंगताना दिसला तर? साहेबांनी सक्त सांगितलंय, हात लावू नकोस म्हणून. म्हणजे... अगदी तसं नाही सांगितलं. तो भटकलाय हेच त्यांना माहीत नाही. ते जेवायला गेले आणि हा भटकला. फोन करायला हवा, कळतंय हो मला! पण आत्ता कच्चा मासा संपून तिखट रस्सा येत असेल, साहेब पाहुण्यांचे ग्लास भरत असतील, अशा वेळी फोन वाजवायचा? ओ आडनावाचा एक इंजिनिअर होता आमच्यात, त्यानं वाजवला होता. आता बुसानला पाणबुड्यांचे बूट विकतो. माझा करार मार्चमध्ये संपतोय, काका, आणि सही त्यांचीच. आईला सांगून बसलेय, यंदा कायम होणार म्हणून.

शिवाय अजून एक फेरी आहे की त्याच्यात. बघा बघा, वळला. पाटाकडेच चाललाय... खाली बघ ना रे. पिवळंच आहे, आपलंच आहे. थांब... थांब जरा... गेला. गेला पुढे, मूर्ख! मूर्ख तो नाही हो, त्याला जे दाखवलं ते तो शिकला. मूर्ख आम्ही, हातात ब्रश घेऊन बसलेले. पाच दिसतायत का तिथे? चष्मा खारवलाय माझा. पाचच ना?

नाही, बस झालं. मार्च गेला खड्ड्यात. दाबतेय मी.

दाबलं. — पाहिलंत ना, दाबलं मी. आता उत्तर येईल. परत दाबते. अहो, जरा पाय हलवू नका, ऐकू द्या... परत. परत.

नाही येत. पाच नव्हते ते, तीन होते.

आणि तुम्ही! इतका वेळ नुसती मान हलवत बसलात! हातवारे केलेत, दोरी दाखवलीत, पण एकदा तरी तोंडानं म्हणायचं होतंत — अगं बाई, बडबड पुरे, दाब ते बटण! काय जात होतं तुमचं? तुम्हाला ना साहेब, ना सही, तुम्ही तर बोलू शकत होतात!

नाही, आता नको. आता एक शब्द बोलू नका. साहेब पायऱ्या उतरतायत. उचला तुमची खुर्ची आणि जा इथून.