सूट देण्याचं कारण

...आन् कारण लिवा म्हणे! म्हणजे गिऱ्हाइकाला दोन रुपये कमी करायचे, तर ते का कमी केले त्याचं कारण लिवा! आहो, तुम्हीच सांगा, कमी करायला कारण लागतं व्हय? गिऱ्हाईक समोर बसलंय, चहा पिऊन झालाय, पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातलीय, उठायचं नाव घेत नाय... हे कारण काय कमी झालं? पण नाय! कंपनीनं कोटेशन काढायचं नवं सॉफ्टवेअर घेतलं ना, त्यात लाल चांदणी लावलेला एक रकाना हाय, 'सूट देण्याचं कारण'. तो भरल्याबिगर पुढचं बटणच दबत नाय. आन् त्या एका रकान्यापायी आमच्या कडुबाला त्याच्या स्वतःच्या गावात तोंड दाखवायची चोरी झाली! आता आपल्याला काय म्हणा, आपण गाडी भरणारी माणसं. मशीन चढवायची, दोरी आवळायची, पावती ड्रायव्हरच्या हातात द्यायची, विषय संपला. पण त्या माणसाचं बघवत नव्हतं हो.

तर तुम्हाला सांगतो, हा कडुबा म्हणजे आमच्या वाळूजच्या कारखान्यातला सेल्समन. कारखाना कसला, तर कडबाकुट्टीचा. ते जनावरांचा चारा बारीक करायचं मशीन असतं ना, ते. कडुबा मूळचा पिशोरचा, आन् त्याचं गिऱ्हाईक बी समदं पिशोर आन् आजूबाजूचं. अठरा वर्षं विकतोय! त्याचा बाप शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात सौदे करायचा, रुमालाखाली बोटं दाबून. शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला भावाचा पत्ता लागायचा नाय. पोरानं तेच उचललं, फक्त रुमाल काढून टाकला. गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकायचं, इकडंतिकडं बघायचं आन् म्हणायचं, "तुला म्हणून सांगतो बरं का, गावात कुणाला बोलू नको." आख्ख्या पिशोरला त्यानं हे सांगितलेलं हाय! आन् अठरा वर्षांत एक माणूस बोलला नाय! का? तर प्रत्येकाला वाटायचं, कंपनीला लुटून आलो ते मी एकटाच. एवढा भरवसा तर नवरा-बायकोत नसतो हो.

मग आली ज्ञानेश्वरी. सॉफ्टवेअरवाल्यांची पोरगी, सिडकोतली, गोड बोलायची, पण प्रश्न विचारायला लागली की थांबायची नाय. आठ दिवस लॅपटॉप मांडून कडुबाच्या समोर! आधी निघाला तो 'गोठा संच'. म्हणजे मशीन, मोटर, पट्टा आन् जादा पाती, समदं मिळून एक भाव.

"काका, मोटर ऑप्शनल ठेवू का मँडेटरी?"

"अगं बाई, ज्याच्या विहिरीवर मोटर पडून हाय, त्याला कशाला मोटर?"

"मग ऑप्शनल."

"आन् ज्याची जळालीय, त्याला? त्याला लागतीच की!"

"काका, सिस्टीमला जळालेली मोटर कळत नाही."

"मग सिस्टीमला कळतं तरी काय?"

असं आठ दिवस! एकदा तर काय झालं, कडुबानं म्हटलं, पट्टा काढ, ह्या गिऱ्हाइकाकडं पट्टा हाय. तिनं पट्टा काढला, तर सॉफ्टवेअरनं संच मोडला. संच मोडला म्हणून संचाची सूट गेली, सूट गेली म्हणून भाव चढला. म्हणजे पट्टा घेतला तर स्वस्त, आन् पट्टा नको म्हटलं तर महाग! कडुबा म्हणला, "असं करू, गिऱ्हाइकाला पट्टा देऊ आन् घरी जाऊन फेकून दे म्हणू." तर ती म्हणती कशी, "हो काका, तसं चालेल." आता बोला!

पण खरी मजा पुढं. ज्ञानेश्वरीनं विचारलं, "काका, तुम्ही कुणाला किती टक्के सूट देता? त्याचे नियम सांगा."

"माणूस बघून."

"म्हणजे काय बघून? गाव? नग किती घेतो ते? रोख देतो का?"

"नाय हो... माणूस."

तिनं लॅपटॉपमधी 'माणूस' असं लिवलं आन् त्याच्या तोंडाकडं बघत बसली. कडुबा बी तिच्याकडं बघत बसला. आता कसं सांगायचं? कधी हातातली पिशवी बघायची असती, कधी संगं कोण आलंय ते बघायचं असतं, कधी माणूस भाव ऐकून जास्तच गप बसतो, ते बघायचं असतं. शेवटी पोरगी थकली. म्हणाली, "बरं, एक रकाना करून ठेवते. तुम्ही तुमच्या मनानं सूट द्या, फक्त प्रत्येक वेळी कारण लिहायचं. शून्य दिली तरी लिहायचं."

"आन् हे वाचणार कोण?"

"कोणी नाही हो काका. ते सिस्टीमसाठी असतं."

संपलं! तिथंच माती झाली! कडुबाला वाटलं, कुणी वाचणारच नाय. आन् तुम्हाला खरं सांगू का, त्याला आनंद झाला होता. अठरा वर्षांत कंपनीनं त्याला टार्गेट विचारलं, वसुली विचारली, पेट्रोलची बिलं विचारली... पण बाबा, तू माणूस ओळखतो कसा, हे कवा कुणी विचारलंच नव्हतं. गडी बसला लिवायला. एका बोटानं, जीभ बाहेर काढून. पहिलीच कोटेशनं म्हणून समद्या पिशोरच्या लोकांची, अडतीस होती. मन लावून लिवलं हो त्यानं!

कारभारी म्हणून एक हाय, त्याला सात टक्के. कारण: 'लई किरकिऱ्या. दिले नाय तर दुपारच्या जेवणाला बी इथंच थांबतो.' मनकर्णाबाईला नऊ टक्के. कारण: 'बाई हिशोबाला पक्की. हिला गंडवायला गेलं की आपणच गंडतो.' भारत म्हणून एक तरणाबांड गडी, त्याला चार. कारण: 'ह्याला वाटतं आपण लई हुशार. चारातच खूश.' आन् एक आप्पा हायेत, म्हातारे. त्यांना शून्य. कारण: 'भला माणूस. मागतच नाय.'

आपल्याला काय, आपण गाडी भरणारी माणसं! आपल्याला कोटेशन दिसत बी नाय. पण सोमवारी सकाळी साडेसातला सॉफ्टवेअर सुरू झालं आन् अडतीसच्या अडतीस कोटेशनं थेट गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवर गेली. कंपनीचं नाव वर, छान रंगीत. खाली मशीन, मोटर, पट्टा, पाती. त्याच्या खाली मूळ किंमत. त्याच्या खाली सूट. आन् त्याच्या खाली, ठळक अक्षरात, 'सूट देण्याचं कारण'! ज्ञानेश्वरीनं समदे रकाने छापा म्हणून टिक करून ठेवली होती, ती काढायची राहिली!

बरं, साडेसात म्हणजे पिशोरात दूध घालायची वेळ. डेअरीवर समदं गाव किटल्या घेऊन रांगेत उभं. एकदम सगळ्यांचे मोबाईल वाजले. कुणाला चष्मा नाय, म्हणून त्यानं शेजारच्याला वाचायला दिलं, शेजारच्यानं मोठ्यानं वाचलं... पुढचं काय सांगू?

इकडं मुबारकभाई, आमचे सेल्सचे साहेब, लाल होऊन केबिनमधून बाहेर आले. "अरे कडुबा! ये क्या लिख के भेजा रे बावा? 'जेवणाला थांबतो'? ये कोटेशन है का चाल-चलन का दाखला?"

कडुबा पांढराफटक! फोन हातात घेऊन मेसेज पुसायला बघतोय, पण मेसेज कंपनीच्या नंबरवरून गेलेले, ते काय पुसले जात नाय. कपाळाला हात लावून तिथंच खाली बसला. नोकरी गेली तर दुसरी मिळंल हो, वाळूजला काय कमी कारखाने हायेत? पण गाव दुसरं कुठून आणायचं? दर शनिवारी पिशोरच्या स्टँडवर उतरायचं ते ह्याच माणसांत! पारावर बसायचं ते ह्याच माणसांच्या शेजारी! "आता मला कुणी रामराम बी घालणार नाय," एवढंच म्हणत होता, सारखं तेच तेच. लई वाईट वाटलं.

मंगळवारी सकाळी पिशोरची जीप गेटवर! दहा माणसांच्या जीपमधून सतरा उतरली. कडुबा आमच्या डिस्पॅचमधी, मशीनच्या मागं लपला. मला म्हणतो, "मी चितेगावला गेलोय म्हणून सांग." मी सांगायच्या आत कारभारीनं त्याचे पाय बघितले.

"ये बाहेर!"

आला बाहेर. मान खाली. समदे गोळा झाले. आता कानाखाली वाजवतो का काय, असं आम्हाला वाटलं. तर कारभारी म्हणतो, "मला किरकिऱ्या लिवलं, त्याचं मला काय नाय. घरची बी तेच म्हणती. पण मी एवढा किरकिऱ्या, तर सातच टक्के? आन् हिला नऊ?"

मनकर्णाबाई पदर खोचून पुढं. "हिला म्हंजी? मी पक्की हाय म्हणून कंपनीनं लिवून दिलंय! पक्क्या बाईला नऊ देतात व्हय? मला बारा पाहिजेत."

भारत मागून ओरडला, "आन् मला चारच का?"

"तू खूश होतास ना रे?" कडुबा बारीक आवाजात.

"होतो! काल सकाळपर्यंत होतो!"

झालं! शिव्या नाय, मारामारी नाय, सगळं भांडण टक्क्यांचं! कुणी म्हणतंय मी ह्याच्यापेक्षा जास्त किरकिऱ्या, कुणी म्हणतंय मी हिच्यापेक्षा जास्त पक्का, साक्षीदार आणलेत! आन् प्रत्येक टक्क्याला मुबारकभाईंची मंजुरी लागती, सॉफ्टवेअरच तसं. ते बिचारे केबिनमधी बसून बटण दाबतायत, दाबतायत... "दे दे बावा, सबको बारा दे, लेकिन गेट खाली कर!" दुपारपर्यंत समद्यांना बारा टक्के. कडुबाच्या पाठीवर थापा पडल्या. "शनिवारी ये रे गावाकडं," म्हणाले लोक. त्याच्या जिवात जीव आला. आन् कारभारी जेवणाला थांबला ते वेगळंच.

मग कडुबाचं लक्ष गेलं. पाण्याच्या टाकीपाशी बाकावर आप्पा बसलेले. सकाळपासून! कुणाला पत्ताच नाय. नातवाकडून कोटेशनचा कागद छापून आणलेला, घडी घातलेला. कडुबा धावत गेला.

"आप्पा, तुमचं बी बारा टक्के करतो, लगेच करतो."

"नको रे. मशीन चांगलं असतंय तुमचं. तू मला हे शेवटचं वाचून दाव."

कडुबाला वाचवंना. तरी वाचलं. "भला माणूस. मागतच नाय."

"हे कंपनीनं लिवलंय?"

"मी लिवलंय आप्पा. माफी करा."

"पण कागुद कंपनीचा हाय ना?"

"व्हय."

"मग ह्याच्यावर शिक्का मारून दे." आप्पा हळूच म्हणाले. "माझी घरची, बानाबाई, म्हणती, तुला दुनिया लुटती, तू येडा हाय. चाळीस वर्षं ऐकतोय. तिला दावतो. तिला वाचता येत नाय, पण शिक्का वळखती ती."

मी समोरच होतो, दोरी आवळत. तुम्हाला सांगतो, दोरी तशीच हातात राहिली. कडुबानं शिक्का मारला, नीट, सरळ, फुंकर मारून वाळवला. आन् मग तरातरा गेला मुबारकभाईंकडं. म्हणला, "साहेब, आप्पांना पंधरा टक्के द्या. ह्या माणसानं माझ्याकडून आधी चार मशीनं घेतली, चारी पुऱ्या भावानं. माझीच मला लाज वाटायला लागलीय."

मुबारकभाईंनी बघितलं. "वो मांग रहा है क्या?"

"नाय."

"नाराज है?"

"नाय. खूश हाय."

"तो मैं क्या लिखूँ रे, पंधरा किसके वास्ते? किरकिऱ्या नहीं, झगडा नहीं, कारण क्या?" आन् नामंजूर! बटणच दाबलं! आन् मुबारकभाईंनी दुसरी फाईल उघडली.

आप्पांनी पुरे पैसे मोजले, मी मशीन चढवलं. ड्रायव्हरनं पावती म्हणून तो कागद मागितला, तर दिला नाय हो! आतल्या खिशात ठेवला, वरून हात ठेवून बसले.

पुढल्या सोमवारी ज्ञानेश्वरी आली, हसत हसत. म्हणाली, "काका, तुमची कारणं वाचली, किती सुंदर डेटा आहे! सगळे नियम सापडले. आता तुम्हाला काहीच लिहायला नको, फक्त यादीतून निवडायचं." आन् तिनं पडदा फिरवून दाखवला. किरकिऱ्या: बारा टक्क्यांपर्यंत, मॅनेजरची मंजुरी आवश्यक. हिशोबाला पक्का: बारा टक्क्यांपर्यंत, मॅनेजरची मंजुरी आवश्यक. स्वतःला हुशार समजतो: चारपासून सुरुवात, मंजुरी आवश्यक. कडुबा वाचत वाचत खाली आला आन् थांबला. म्हणला, "पोरी, ही शेवटची ओळ काढ गं."

"का काका? तुम्ही प्रत्येक वेळी तेच केलंय. जुन्या बिलांतही, चारच्या चार वेळा."

डेटा तर त्याचाच होता. ती ओळ अजून तिथंच हाय, सगळ्यात खाली: 'भला माणूस: सूट शून्य. कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.'