असं झालेलं एक माणूस

हलू नका हो डॉक्टरीणबाई, कोटाच्या टाचण्या टोचतील — तर मी काय विचारत होते, नवराबायकोत ते — ते पुरतं झालंच नाही, तरी दिवस जातात का? मान हलवलीत, म्हणजे जातात. नुसतं जवळ आले, बाहेरच्या बाहेर, तरी? तेच तर! तुमच्या दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं, सुनेला, मुलाच्या देखत. पोरीला दुखायचं हो, अंग आखडायचं — भिंत पातळ आमची, मला काय कळत नाही? कशीबशी जवळ यायची, रडायची, झोपायची. आता तिसरा महिना. मुलगा म्हणतो, आमच्यात काही झालंच नाही, मग हे कुणाचं? शपथा घेऊन थकली बिचारी. वर बसलीय, बॅग भरून. भाऊ येतोय न्यायला.

हात जरा वर. — तुम्ही सांगाल त्याला? सांगा की, पण तो ऐकेल तर शपथ! म्हणतो, पुस्तकात काय वाट्टेल ते लिहितात, असं झालेलं एक तरी माणूस दाखवा, बायकोच्या पाया पडतो. आता असं माणूस आणायचं कुठून? — आहे हो. आहे की. माझंही तसंच होतं, लग्नाला वर्ष उलटलं तरी. हे जवळ आले की माझं लाकूड व्हायचं. आणि मग दिवस गेले. हाच — हा माझा मुलगा. ह्याच्या बापाने मरेपर्यंत ह्याला मांडीवर घेतलं नाही. ह्याला वाटतं, बाप कडक होता. नाक हुबेहूब बापाचं, पण ज्याला बघायचंच नाही त्याला नाक तरी कसं दिसणार?

काय? सांगून टाकू? तुम्हाला बोलायला काय जातंय! सून वाचेल म्हणता — आणि तो उलटून म्हणाला, अस्सं, म्हणजे माझाही बाप कोण ते ठाऊक नाही, तर? एका दगडात दोघी जाऊ आम्ही. न सांगावं तर ती जातेच आहे. इकडे आड, तिकडे विहीर. सकाळपासून दोनदा जिना चढले, दारापर्यंत गेले, त्याला चहा घेतोस का विचारलं आणि खाली आले. चहा! पोरीचा संसार मोडतोय आणि मी —

कोण? तू होय रे? बॅग तूच आणलीस खाली? भाऊ आला तिचा? ... बस ना जरा. मला तुला — नाही. काही नाही. तू बस, बाई निघाल्यातच. — निघा हो तुम्ही. कोट राहू द्या इथेच. निघा म्हटलं ना.