चालण्याच्या परीक्षेत पास झालेले गृहस्थ

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपले मोठे डॉक्टर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, वॉर्डातल्या सिस्टर आणि आपण सर्व, नमस्कार.

मी इथे म्हाताऱ्या पेशंटना पेपर वाचून दाखवते. शाळा लवकर सुटली, वाचायला माझी मीच शिकले. सिस्टर म्हणाल्या, "काकू, दोन शब्द गोड बोला." बघू, जमतं का.

छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयाची नवी झडप बसवणं इथे मोठ्या डॉक्टरांनी सुरू केलं. अगदी थकलेली माणसं दुसऱ्या दिवशी उठून चहा मागताना मी पाहिली आहेत. कौतुक करावं तेवढं थोडंच.

पण ही सोय कोणाला? तेव्हाची रीत अशी, की फार अशक्त असेल त्याला नळी आणि अंगात जोर असेल त्याची छाती उघडायची. जोर ओळखायचा तो तपासणीच्या खोलीत चालवून, हात न टेकता खुर्चीवरून उठवून.

आमच्या ह्यांचीही झडप बिघडली होती. घरी न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जायचे. तपासणीच्या दिवशी मात्र गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. मी म्हटलं, "अहो, कोणाच्या लग्नाला निघालात?"

"डॉक्टरांपुढे मरतुकडं दिसायचं नाही. नाहीतर म्हातारा म्हणून सोडून देतील."

जिथे नापास होण्यात भलं होतं, तिथे हे पास व्हायला निघाले होते. आम्हाला कोणी सांगितलं होतं?

दात-ओठ खाऊन चालले. मोठे डॉक्टर खूश. "शाबास काका, घोड्यासारखे चालता की!"

मी दारातून म्हटलं, "डॉक्टर, घरी हे असे नाहीत चालत, घरी तर..."

"काकू, तुम्ही बाहेर बसा बरं."

प्रेमानेच म्हणाले. मी बाहेर बसले.

छाती उघडली. झडप उत्तम बसली, असं डॉक्टरांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. झडपेभोवतीचा माणूस तेवढा परत उठून बसला नाही.

डॉक्टर, तुमच्या हाताला मी कधी दोष दिला नाही. कानाला देते.

तुमच्या जागी येणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे माझं एकच मागणं आहे. त्या खोलीत एक खुर्ची वाढवा. घरच्या माणसाला तिच्यावर बसवा आणि विचारा, हे घरी कसे चालतात?

मोठ्या डॉक्टरांना दीर्घायुष्य लाभो. पण उद्या तपासणीची पाळी त्यांच्यावर आली, तर वहिनी, तुम्ही सोबत जा. बाहेर बसा म्हटलं तरी बसू नका.

सिस्टर, गोड काही जमलं नाही. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर पोटात घाला. या इमारतीत माझं बोलणं आज कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्याबद्दल आभारी आहे.