चाकाखालचं लिंबू

जुनी गाडी ओरिजनल आहे की नाही, हे ओळखण्यावरच माझं खोपोलीचं गॅरेज चालतं. पण पळसदरीच्या त्या फार्महाऊसवर मीच चक्रावून गेलो, काय सांगू!

तिथल्या वारलेल्या मालकांची जुनी अमेरिकन गाडी विकायची होती. लांबलचक बोनेट, दोनच दारं, राक्षसी इंजिन. गिऱ्हाईक म्हणालं, इंजिन कंपनीचंच असेल तरच घेईन. म्हणून इंजिनावरचा नंबर तपासायला मी ते उतरवून गॅरेजला नेलं. तो बॉडीवरच्या नंबराशी बरोब्बर जुळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाला घेऊन गेलो. राखणदारीण हिरामावशीने शेडचं कुलूप काढलं. बघतो तर पुढच्या चाकाखाली लिंबू चिरडलेलं, रस अजून ओला.

"मावशी, हे काय?"

"काल आवस नव्हती का? मालक लिंबू चिरडूनच गाडी भायेर काढायचे. ते गेले, तरी मी दर आवसेला रातच्याला चाकापुढं ठेवते."

"अगं, पण इंजिन माझ्याकडे आहे! गाडी हलली कशी?"

तिने वाकून चाकाला हात लावून नमस्कार केला.

गिऱ्हाइकाने घाबरत मला विचारलं, "सगळं ओरिजनल आहे ना नक्की?"

उत्तर मावशीनेच दिलं, "हाय ना, सायेब. गाडी तीच हाय, मालक पन तेच हायत."