बगलेची झडप

(हिवाळ्यातली सकाळ. गावावरची टेकडी.)

जीपार : ...आणि आपलं घर कुठंय, बाबा?

इसाबेक : त्या धुराच्या राखाडी पाण्यात बुडालंय. गिरणीचं धुराडं वर आलंय ना, त्याच्या डावीकडं. अठ्ठावीस वर्षं त्याच्या बुडाशी बॉयलर पेटवला, वरून आज पहिल्यांदा बघतोय. तळंच वाटतंय गं. होडी सोडावी असं.

जीपार : श्वास घेऊन बघा त्या तळ्यात. दुपारी सभेत हवेचे आकडे मीच वाचणार. बॉयलर ठेवायचा की बंद करायचा, ते ठरेल.

इसाबेक : बंद? वेडी का तू! एकाच कोळशावर गिरणीला वाफ, वीज, आणि उरल्या उष्णतेत अख्ख्या गावाला गरम पाणी. मागं तीन दिवस बंद होता तेव्हा काय झालं?

जीपार : घरोघरी शेगड्या पेटल्या, टायरसुद्धा जाळले. हवा आजच्या दुप्पट वाईट होती. लिहिलंय मी तेही.

इसाबेक : मग झालं तर!

जीपार : नाही झालं. राख अडवायला गाळणी आहे, तरी दर जानेवारीत एवढी राख पडते कशी? गिरणीचे साहेब म्हणतात, बाई, तुमचं हवा मोजायचं यंत्र बिघडलंय.

इसाबेक : ...यंत्र ठीक आहे तुझं.

जीपार : तुम्हाला काय माहीत?

इसाबेक : कडाक्यात गाळणी तुंबते. आग गुदमरते, वाफ पडते. मग बगलेची झडप उघडायची, धूर न गाळता थेट आभाळात. हुकूम तोंडी. हात माझा.

जीपार : कधीपासून?

इसाबेक : तू जन्मलीस त्या हिवाळ्यापासून. दवाखान्याचे पाइप गार पडले होते, तू आणि तुझी आई आत. झडप उघडली, पाइप तापले. खिडक्यांवरचा बर्फ ओघळताना बघत मी अंगणात उभा होतो, स्वप्नात असल्यासारखा.

जीपार : आणि पुढचे सगळे हिवाळे मी खोकत काढले. तुमच्याच मांडीवर.

इसाबेक : हो. तेव्हाही माहीत होतं मला. रागाव ना, पोरी. बरं वाटेल मला.

जीपार : राग नंतर. बॉयलर ठेवा, पण आधी धड गाळणी बसवा, असं मी म्हणणार आहे. झडपेचं गिरणीतल्याच कुणी बोललं नाही, तर हसतील मला.

इसाबेक : सगळ्या गिरणीवाल्यांसमोर? बॉयलरवरचा माझा जोडीदार तुर्गुन माझ्याशी बोलणं टाकेल. चहालासुद्धा कुणी बोलावणार नाही.

जीपार : नाही बोलावणार.

इसाबेक : ...पहिल्या रांगेत बसव मला. कान अर्धे गेलेत बॉयलरपायी. कुणी खोटारडा म्हणालं, तर ऐकू यायला हवं.